मोडीचा अर्ज

हॅमर्सडेलच्या बाहेर, जिथे डांबर संपून लाल माती सुरू होते,
तिथल्या भंगाराच्या आवारात मी सरकारचा कारकून.
छत्री माझी, टेबल भंगारवाल्याचं, शिक्का सरकारचा.
जुनी टॅक्सी आणा, मोडीत घाला,
नवीसाठी अनुदान न्या.
रांग पहाटेच लागते.

आज सातव्या नंबरवर थोकोझिले माव्हुंडला.
गाडी धुऊन आणली होती.
धुऊन!
चाकांच्या रिंगासुद्धा घासलेल्या,
काचांवरून वर्तमानपत्र फिरवलेलं,
दाराच्या फटीतून साबणाचं पाणी अजून ठिबकत होतं.
रांगेतले चालक हसले.
मी हसलो नाही. तिच्याकडे बघितलंही नसावं,
मी अर्ज बघत होतो.

चासी नंबर. इंजिन नंबर. आसनं पंधरा.
मालक: फिलेमोन माव्हुंडला.
"हे कुठायत?"
तिने हनुवटीनेच टेकडी दाखवली,
जिथे क्रूस आहेत आणि गवत कोणी कापत नाही.

परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर.
म्हणजे वारसाचा दाखला हवा,
टॅक्सी संघटनेचं पत्र हवं,
कर भरल्याची पावती हवी, मूळ, झेरॉक्स नाही.
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून
ती एकेक कागद काढत गेली,
आणि एकही कमी निघाला नाही.
खरं सांगतो, मला जरा चुकल्यासारखं झालं.
परत पाठवायची सवय लागलेली असते हाताला.

मग आत शिरून तपासणी.
दुसऱ्या रांगेतलं रेक्झिन फाटलेलं,
निळ्या दोऱ्याने शिवलेलं, घरच्या सुईचे टाके.
अशाच कुठल्यातरी पांढऱ्या गाडीत मी हिशेब शिकलो.
पुढे बसेल त्याने भाडं गोळा करायचं, हा रस्त्याचा कायदा.
मागून खांद्याखांद्यावरून नोटा यायच्या,
हे तिघांचे, हे दोघांचे, ह्यातून त्या काकूंना दोन परत,
आणि शाळेच्या टायमध्ये घामेजलेला मी.
एकदा पाच रँड कमी भरले.
गाडी कडेला थांबली.
चालक मागे वळलाही नाही,
आरशातून म्हणाला, पुन्हा मोज, घाई नाहीये.
घाई सगळ्यांनाच होती.
तरी पंधरा माणसं गप्प बसून राहिली
एका पोराची बेरीज होईपर्यंत.

तो फिलेमोन होता?
कसं सांगू. आरशात डोळे तेवढे दिसतात.

अनुदानाचा आकडा मी तिला दोनदा वाचून दाखवला.
"एवढ्यात नव्या गाडीचं नाक येईल," ती म्हणाली,
"बाकी अंग बँकेचं."
अर्जात शेऱ्याची जागा आहे,
तिथे मी लिहिलं: वाहन स्वच्छ.
मग वाटलं, हे कोण वाचणार,
पण खोडलं नाही.

"काही काढून घ्यायचंय? रेडिओ?"
"तो शेजारच्या पोराने कधीच नेला."

लोखंडी पंजा उतरला. आधी छप्पर बसलं.
फार मोठा आवाज नाही,
रिकामा डबा पायाखाली यावा, तेवढाच.
काचा उशिरा फुटल्या.
आणि खालून, मातीवर,
फेसाचा एक ओघळ चालत माझ्या टेबलापर्यंत आला.

तिने सही केली, तारीख विचारली,
पावतीची घडी आइस्क्रीमच्या डब्यात ठेवली
आणि झाकण चारी बाजूंनी दाबून बघितलं.

रस्त्यावर जाऊन तिने हात पुढे केला.
बोट वर, म्हणजे शहर.
तिचं बोट खाली होतं: इथलंच, जवळचं.
एक गाडी थांबली, आधीच भरलेली,
पुढची एक जागा सोडून.

छत्रीखालून मला एवढंच दिसलं,
की ती नीट बसायच्या आतच
मागून कोणाचातरी हात तिच्या खांद्यावर आला, नोट धरलेला,
त्यामागे दुसरा,
आणि मांडीवरचा डबा बाजूला सारून
ती मोजायला लागली.

"आठ नंबर," मी ओरडलो.